अ‍ॅमेझॉनचे सर्व्हर दिवाळीत का कोसळले? 'टेम्पोरल लॉजिक' काय सांगतं?

20 ऑक्टोबर 2025. ऐन दिवाळीत, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास 'अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस'च्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात बिघाड झाला. त्यावर चालणारी स्नॅपचॅट, सिग्नलसारखी अ‍ॅप्स जगभर बंद पडली. हा सायबर हल्ला नव्हता. मग चुकलं काय?

नेमकं काय घडलं?

'डायनॅमोडीबी' हा अ‍ॅमेझॉनचा डेटाबेस. तो इंटरनेटवर कुठल्या पत्त्यावर सापडेल, याची यादी काही प्रोग्राम सतत बदलत असतात. त्यातला एक रखडला. आपली यादी नवी आहे, हे त्याने सुरुवातीलाच तपासलं होतं. पण काम पूर्ण होईपर्यंत ती जुनी झाली. दरम्यान दुसऱ्या प्रोग्रामने ताजी यादी लावली आणि जुन्या याद्या पुसायला घेतल्या. तेवढ्यात रखडलेल्याने ताज्या यादीवर जुनी चढवली. साफसफाईत नेमकी तीच पुसली गेली. पत्ताच गायब!

प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर बरोबर. घात केला तो क्रमाने.

टेम्पोरल लॉजिक म्हणजे काय?

साधं तर्कशास्त्र एखादं विधान खरं की खोटं, एवढंच पाहतं. टेम्पोरल लॉजिक त्यात काळ आणतं: 'नेहमी', 'कधी ना कधी', 'तोपर्यंत'. ते प्रोग्राम तपासायला वापरावं, हा विचार इस्रायली संशोधक अमीर प्नुएली यांनी 1977 मध्ये मांडला. त्यांना 1996 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

वरच्या कामासाठी दोन नियम लिहिता येतील. एक, पत्ता कधीही रिकामा नसावा. दोन, नवी यादी कधी ना कधी लागू व्हावीच. मग कामाच्या आराखड्यात पायऱ्यांचे जेवढे क्रम शक्य आहेत, ते सगळे कॉम्प्युटर तपासतो.

अ‍ॅमेझॉनला हे माहीत नव्हतं का?

होतं. लेस्ली लॅम्पोर्ट यांची 'टीएलए प्लस' ही अशीच भाषा तिथे 2011 पासून वापरली जाते. तिने डायनॅमोडीबीतच एक चूक पकडली होती. ती उघड व्हायला किमान 35 पायऱ्या ठरावीक क्रमाने घडाव्या लागत. नेहमीच्या चाचण्यांत ती सापडली नव्हती.

मर्यादा मात्र आहे. आराखड्यात जे लिहिलं, तेवढंच तपासलं जातं. 'एखादा प्रोग्राम फार रखडणार नाही' असं गृहीत धरलं, तर त्यातून येणारा धोका दिसतच नाही.

बँका, दवाखाने, सरकारी दाखले अशी कामं आता ऑनलाइन पायऱ्यांवर चालतात. तिथेही 'पायरी बरोबर आहे का?' एवढं विचारून भागणार नाही. 'क्रम उलटला तर काय?' हेही विचारावं लागेल.