जुन्या मोटारीस नवे टायर

येवल्याच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत आजोबांच्या वेळची 'एम.जी. टी.सी.' ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार आहे. इंग्लंडांत 1945 ते 1949 या काळांत ही जात निघाली. टायरांची नक्षी शाबूत, तेव्हां धाकटे चिरंजीव ती मनमाडच्या रस्त्यावर पळविण्यास उतावीळ झालेले. आम्ही टायरावरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचले: 1403, म्हणजे 2003 सालचा चौदावा आठवडा! नक्षी झिजली नाहीं तरी रबर वयानें कडक होतें, तडकतें. असा टायर भर उन्हांत, वेगांत फुटला म्हणजे?

नवे घेतांना चिरंजीवांस रुंद 'रेडियल' हवे होते. रूपासाठीं, दुसरें काय! परंतु या गाडीच्या 19 इंची चाकास साडेचार इंची टायर मूळचा. शिवाय विणकरांच्या गांवांत सांगणें सोपें: रेडियलचे दोरे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे, जुन्या 'क्रॉसप्लाय'चे थर तिरपे, एकमेकांस छेदणारे. गाडीचें स्टिअरिंग या तिरप्या विणीस धरून बेतलेलें. दोन्ही जाती एका आंसावर मिसळणें तर धोक्याचेंच. तारांच्या चाकांतून हवा निसटते, म्हणून आंत ट्यूब हवी. अखेर मागचें जादा चाक धरून पांचही क्रॉसप्लाय मागविले.

जुने कुणास विकण्याचा बेत निघाला. आजींनीं तो मोडला आणि टायर आपल्या देखत कापविले.