वीज ही दक्षिणा देऊन मिळणारी वस्तू नव्हे

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्या खेड्यांतून हल्ली एक चांगली गोष्ट दिसू लागली आहे. सुताराचा मुलगा रंधा यंत्रावर चालवू पाहतो, तेल्याचा मुलगा बैलाच्या जागी मोटार जोडतो, कुणब्याची सून मिरची-हळद कांडण्याची गिरणी घालते. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड उभी राहते, बँकेचे कर्ज निघते, यंत्र येऊन फरशीवर बसते आणि तेथेच सारे अडते. विजेची जोडणी मिळत नाही.

हे अडणे किती महाग पडते याचा हिशेब करून पाहा. पाच लाखांचे कर्ज शेकडा 12 व्याजाने घेतले असेल तर महिन्याचे नुसते व्याजच 5,000 रुपये होते. जोडणी दोन महिने लांबली की 10,000 रुपये मातीत गेले, आणि आलेले गिऱ्हाईक तालुक्याच्या गावी गेले ते निराळेच. अशा वेळी कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ हमखास भेटतो. साहेब त्याच्या ओळखीचे असतात. कागद त्याने भरावयाचे, सही आपण करावयाची आणि "वरचा खर्च" किती तो त्याच्या तोंडून ऐकावयाचा. पावती मात्र मागावयाची नाही.

जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही त्याची पहिली शिकवण. ती मानून कित्येक घरांनी भटजीवाचून लग्ने लावली. मग देवाच्या दारातील दलाल ज्यांनी उठविला त्यांनीच विजेच्या दारातील दलालाचे पाय का धरावेत? पूर्वी पोथी आपल्याला वाचता येत नसे म्हणून दक्षिणा द्यावी लागे. आज कायदा मराठीत वाचावयास मिळतो, पण आपण तो वाचीत नाही, म्हणून दक्षिणा चालूच आहे.

तेव्हा कायदा काय म्हणतो ते ऐका. 2003 सालच्या विद्युत कायद्याच्या कलम 43 प्रमाणे, जागेच्या मालकाने किंवा ती जागा वापरणाऱ्याने अर्ज केला की वीज देणे हे वीज कंपनीचे कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द नीट ध्यानात ठेवा. ही मेहेरबानी नव्हे. हयगय झाल्यास दर दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. 2020 साली ग्राहकांच्या हक्कांचे नियम निघाले व 2024 साली ते सुधारले. त्यांप्रमाणे अर्ज पुरा झाल्यावर महानगरात 3, नगरपालिकेच्या हद्दीत 7, खेड्यात 15 व डोंगरी खेड्यात 30 दिवसांत जोडणी मिळाली पाहिजे. नवे खांब किंवा नवी डीपी लागणार असेल तर मुदत वाढते, पण तीही ठरविण्याचा अधिकार वीज नियामक आयोगाचा आहे, टपरीवरच्या गृहस्थाचा नव्हे. वीज पोहोचलेल्या भागात 150 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीचा आकार भार व प्रकार पाहून ठरीव असावा, प्रत्येकाची जागा पाहून निराळा अंदाज काढीत बसू नये, असेही हे नियम सांगतात. गावातल्या सुतारकामाचा किंवा गिरणीचा भार याच्या पासंगालाही पुरत नाही.

भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्या शिंप्याने किंवा लोहारानेही भिऊ नये. मालक ना-हरकत देत नाही एवढ्याच कारणावरून भाडेकऱ्यास वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितले आहे.

आता आपल्या हातचे काम. मोटारीच्या पाटीवर किती अश्वशक्ती आहे ते पाहून भार खरा लिहावा. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, म्हणजे पाचाची मोटार सुमारे पावणेचार किलोवॅट. ओळखीचा कागद, जागेचा कागद आणि परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग तपासणीचा दाखला जवळ ठेवावा. अर्ज स्वतः द्यावा, मोबाईलवरून दिला तरी चालेल, पण अर्जाचा क्रमांक व तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. कोटेशन लेखी घ्यावे, पैसे भरून पावती घ्यावी. "कागद कमी आहेत" असे कोणी म्हटले तर कोणते, ते लिहून मागावे. मुदत टळली की ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज करावा. तेथे समाधान झाले नाही तर वर विद्युत लोकपाल आहे. ही सोय कलम 42 ने करून दिली आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, कायदा पुस्तकात राहतो, आणि आम्हांला रोज वायरमनशी काम पडते, वाकडे कोण घेणार?" ही भीती खोटी नाही. एकट्या माणसाला ती वाटणारच. म्हणून एकट्याने जाऊ नये. पाच कारागिरांचे पाच अर्ज एकाच दिवशी, एकाच चावडीतून गेले म्हणजे कोणा एकावर राग काढता येत नाही. वायरमनशी भांडण मुळीच नको; तोही आपल्यासारख्याच घरचा, पावसापाण्यात खांबावर चढणारा. भांडण आहे ते पावतीवाचून घेतल्या जाणाऱ्या पैशाशी.

आणखी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. उशिराला कंटाळून तारेवर आकडा टाकू नका. कलम 135 खाली ती चोरी ठरते व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोरी केलेल्या माणसाला हक्काने बोलता येत नाही, आणि दलालाला तर तसाच माणूस हवा असतो.

ही वीज कोणाच्या घरची आहे तेही विसरू नका. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशीचे धरण झाले. आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून 1921 साली मावळ्यांनी तेथे सत्याग्रह केला. कोयनेची वीज 1962 साली सुरू झाली, तीही शेतकऱ्यांची गावे पाण्याखाली घालूनच. ज्यांच्या जमिनीवर दिवे लागले त्यांच्याच नातवंडांनी मीटरसाठी कोणापुढे हात जोडावेत, हे शोभत नाही.

म्हणून शिकलेल्या मुलामुलींना एवढेच काम सांगा: कलम 43 मराठीतून एका कागदावर उतरवून चावडीत लावा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज फुकट लिहून द्या. ज्या गावात असा एक लेखक निघेल त्या गावी टपरीवरच्या गृहस्थाला नुसत्या चहावर समाधान मानावे लागेल.