मासा सोडला, पण तो होता कुणाचा?

मासा पकडून परत पाण्यात सोडला म्हणून कुणी दयाळू ठरत नाही. हे आधीच लिहून टाकतो. ज्यांना राग येणार आहे त्यांनी इथूनच कमेंटमध्ये उतरावं, बाकीच्यांनी पुढे वाचावं. पोस्ट मोठी आहे.

गेले काही महिने मोबाईलवर एकच प्रकार फिरतोय. हतनूरचं बॅकवॉटर, नाहीतर गारबर्डीचं सुकी धरण. हातात महागडी काठी, डोळ्यावर काळा चष्मा, चार-पाच किलोचा कटला छातीशी धरलेला, मागे गाणं. मग मासा पाण्यात, शेपटीचा एक फटका, आणि स्क्रीनवर हात जोडल्याची खूण. खाली आपलेच लोक: 'ग्रेट भाऊ', 'खरा निसर्गप्रेमी', 'माणुसकी जिवंत आहे'. एकाने तर 'जीवदान' असं लिहिलं. अरे भो, जीव धोक्यात घातला कुणी होता?

गळ टाकून बसण्याला माझा विरोध नाही. तापीकाठच्या गावांत कणकेची गोळी नाहीतर गांडूळ लावून बसलेली माणसं लहानपणापासून बघतोय. मिळाला तर घरी रस्सा, नाही मिळाला तर दुपार झाडाखाली गेली. त्यात कुणी स्वतःला संत म्हणवून घेत नव्हतं. माझं भांडण त्या संतपणाशी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. धरणातले हे कटला, रोहू, मृगळ आले कुठून? हे मासे मुळात तापीचे नाहीत. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. पूर्वी बीज हवं असेल तर नदीतून गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून अंडी मिळवली. म्हणून १० जुलैला आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिवस पाळतात. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होतं. आधी जिरे, मग बीज, मग बोटाएवढं झालं की बोटुकली. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून ती बोटुकली गाडीने येते आणि कुणीतरी ती पैसे मोजून धरणात सोडतं.

हा 'कुणीतरी' कोण? पाटबंधाऱ्याच्या तलावांत मासेमारीचा हक्क सरकार ठेक्याने देतं, आणि त्यात पहिला मान मच्छीमार सहकारी संस्थांचा. संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, बीज सोडायचं, राखण करायची, आणि मासा मोठा झाला की काढायचा. सभासद कोण? भोई, कोळी, कुठे आदिवासी. थर्माकोलच्या तुकड्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून पहाटे जाळं ओढणारी माणसं. बीज मेलं तर तोटा त्यांचा. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासाही खाली जातो, तो तोटाही त्यांचाच.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. टाळ्या वाजल्या, बातम्या आल्या, मीही बातमी केली. मग जरा शेतीसारखाच विचार करू. आपण सावद्याचे लोक, आपल्याला केळीशिवाय दुसरं उदाहरण कळत नाही, म्हणून केळीचंच घेतो. समजा रविवारी सकाळी चार तरुण तुमच्या बागेत शिरले. चांगला भरलेला घड बघितला, खस्सकन कापला, खांद्यावर घेतला, फोटो काढले, आणि मग सुतळीने तो परत झाडाला बांधून निघाले. जाताना म्हणाले, काका, आम्ही काही नेलं नाही बरं का, आम्ही केळीप्रेमी आहोत. तुम्ही त्यांना चहा पाजाल का? आपल्याकडे बागेच्या बांधावरून कुणी पानसुद्धा नेलं तर आवाज चढतो. धरणातल्या माशाला बांध नाही, तार नाही, एवढाच फरक.

'पण घड मरतो, मासा जगतो.' हे उत्तर येणार मला माहीत आहे. मासा पोहत गेला म्हणजे जगला, असं नसतं. गळाला लागलेला मासा जीव खाऊन ओढतो, त्याचे स्नायू थकतात, अंगात आम्ल साचतं. त्यात तुम्ही त्याला बाहेर काढून कल्ल्यांना हवा दाखवता, म्हणजे त्याच्या बाजूने पाहिलं तर नाक दाबता. कोरड्या, गरम हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर म्हणजे त्याचं रोगापासूनचं कवच. गरम वाळूवर नाहीतर दगडावर ठेवला तर विचारूच नका. आणि हे सगळं कधी? मे महिन्यात, जेव्हा आपल्या जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास असतो, धरण तळाला गेलेलं असतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, ही आठवीच्या विज्ञानातली गोष्ट. असा दमलेला मासा कॅमेऱ्यासमोर शेपटी मारून जातो आणि दुसऱ्या दिवशी उलटा होऊन काठाला लागतो. त्याची रील कुणी काढत नाही.

तरी सोडायचाच असेल तर नीट सोडण्याची रीत आहे. गळाला उलटा काटा नको, म्हणजे तोंड फाटत नाही. हात ओले. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढायचा, फोटो पाण्यातच. उन्हाळ्याच्या दुपारी गळच टाकायचा नाही. यातलं किती पाळलं जातं ते तुमचे व्हिडिओच सांगतात.

आता आणखी एक गंमत. सगळाच मासा सोडणं चांगलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आपल्याकडे ज्याला सायप्रिनस म्हणतात तो कॉमन कार्प परदेशी. १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आणला, पुढे १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरी जात आली. तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. मोठ्या धरणात हा मासा पकडून 'जा बाळा' म्हणत परत सोडण्यात निसर्गावर कसला उपकार? तो खाल्लेला बरा. बाजारात आणला तर एका घराची चूल पेटते.

चांगल्या हेतूने सोडलेला मासाही काय करतो ते कावेरीत दिसलं. आपल्या लोणावळ्याजवळ वळवणला टाटांचं महाशीर पैदाशीचं केंद्र आहे. काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. तिथला निळ्या परांचा महाशीर हा खास आपला मासा, पुण्याच्या मुळा-मुठेतून कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव नोंदवलं. पण तोच मासा कावेरीत नेऊन सोडला गेला, गळवाल्यांना खेळायला मासा हवा म्हणूनही. तो तिथे वाढला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही, तो आता नष्ट होण्याच्या काठावर आहे. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. म्हणजे 'सोडणे' या क्रियापदात आपोआप पुण्य नसतं. काय सोडलं, कुठे सोडलं, कधी सोडलं, हे विचारावं लागतं.

हा कार्पचा खेळ आला कुठून तेही सांगतो, कारण आपले भाऊ त्याचंच अनुकरण करतात. इंग्लंडातून. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे साधारण २० किलोचा कार्प धरला. त्याने तळ्यात परत सोडला नाही हो, लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला, तिथे तो कित्येक वर्षं लोकांनी बघितला. पुढे तिकडे खासगी तळ्यांचा धंदा उभा राहिला. दिवसाचं तिकीट काढा, सरकारचा काठीचा परवाना काढा, मासा धरा, आणि परत सोडा. का सोडा? मासा तळ्याच्या मालकाचा आहे म्हणून! नेलात तर चोरी. म्हणजे ज्या सवयीला आपण दया समजून हात जोडतोय, ती तिकडे बरीचशी दुसऱ्याच्या मालमत्तेची कदर आहे. आपण सोडणं तेवढं उचललं, तिकीट सोडून दिलं.

आणि युरोपातच उलटा विचारही आहे. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये नियम केला की परत सोडण्याच्या इराद्याने मासा धरायचाच नाही. जर्मनीतही विनाकारण प्राण्याला यातना देणं कायद्यात बसत नाही, खायला धरलात तर ते कारण, फोटोला धरलात तर ते कारण नाही. आपल्या म्हाताऱ्यांचा हिशोब यापेक्षा वेगळा नव्हता. खायचं तर मारायचं, नाहीतर हात लावायचा नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे आहेत, लोक त्यांना खाऊ घालतात, पण गळ कुणी टाकत नाही. खेळायला म्हणून जिवाच्या तोंडात लोखंड अडकवायचं आणि वर आशीर्वाद मागायचा, ही तिसरी तऱ्हा नवी आहे.

आता जरा कडू बोलतो. आपलं गाव, आजूबाजूची गावं, शाकाहारी घरं भरपूर. त्यात वाईट काही नाही, माझ्या मित्रांपैकी निम्मे तसेच. पण बाजारात मासे विकायला बसलेल्या भोई बाईच्या टोपलीवरून नाक दाबून जाणारे, तिला उठवून गावाबाहेर बसवा म्हणणारे, त्याच तोंडाने या व्हिडिओखाली 'किती मोठं मन' लिहितात. तिचा मासा वास मारतो आणि याचा मासा जीवदान होतो. का? तर ती पोटासाठी मारते आणि हा हौसेसाठी छळतो. तिच्याकडे जाळं, याच्याकडे पस्तीस हजारांची गाडी उभी. हा फरक माशाचा नाही, आपल्या नजरेचा आहे, आणि ती नजर कुठून आली ते सावद्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की नासधूस तर मच्छीमारच करतात. बारीक जाळी, बॅटरीचा करंट, औषध. खरं आहे, काही जण करतात. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, त्यांना धरा, मी पहिल्या पानावर बातमी लावायला सांगेन. मच्छरदाणीच्या जाळीने बोटुकली ओढणाराही संस्थेचा शत्रूच. पण त्या चार लोकांच्या पापाने तुमची फुकटची हौस धुऊन निघत नाही.

मग बंद करा म्हणतोय का? नाही. बंदीने काय होतं ते कावेरीनेच दाखवलंय. तिथे भीमेश्वरीसारख्या ठिकाणी मासेमारीच्या छावण्या होत्या, पैसे भरून लोक यायचे, आणि पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या गावकऱ्यांनाच तिथे वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळालं होतं. २०१२ नंतर त्या बंद झाल्या, गावकऱ्यांची ती कमाई गेली. आपल्या मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची १९५५ पासूनची संघटना आहे. सभासद वर्गणी देतात, तलावात बीज टाकतात, मग गळ टाकतात. निदान हिशोब सरळ आहे. हौसेला मोल असतं हे मान्य केलेलं आहे.

आपल्याकडे एवढंच करा. ज्या धरणाचा ठेका ज्या संस्थेकडे, तिच्याकडून दिवसाचा पास घ्यायचा, पावती घ्यायची. पासाचे पैसे बीज खरेदीच्या खात्यात. सोबत संस्थेचा एक पोरगा, त्याची दिवसाची मजुरी गळवाल्याने द्यायची. त्याला पाणी माहीत आहे, कुठे गाळ आहे, कुठे बुडतं हे माहीत आहे. दरवर्षी बुडून मरणाऱ्यांच्या बातम्या लिहून हात दुखतो आमचा. जून ते ऑगस्ट गळ बंद, कारण अंड्यावरची मादी तेव्हा पाणी चढत असते आणि तिच्या पोटात किलोमागे लाखांनी अंडी असतात. सायप्रिनस आणि मांगूर परत सोडायचा नाही, संस्थेला द्यायचा. बाकी मासा ठेवायचा असेल तर वजन करून बाजारभावाने पैसे, सोडायचा असेल तर ओल्या हाताने. यात कुणाचं काय जातं?

गळवाल्या भावांपैकी दोघांशी माझं बोलणं झालं. एक म्हणाला, पास असता तर घेतलाच असता, आहे कुठे? बरोबर आहे, नाहीच. दुसरा म्हणाला, पाणी सरकारचं आहे. पाणी सरकारचं, बाबा, बीज नाही.

जळगावला मत्स्यव्यवसायाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय आहे. या मागणीचा अर्ज मी लिहून तयार ठेवलाय, दीड पान आहे. संस्थांचे चेअरमन, गळवाले आणि ज्यांनी 'जीवदान' लिहिलं होतं तेही, सहीला कोण येतंय ते खाली नाव टाका. सोमवारी सकाळच्या गाडीने जायचं आहे.