न वटलेले तिकीट

विमानाचे दार बंद झाले की रिकाम्या राहिलेल्या आसनाची किंमत त्याच क्षणी शून्य होते. दुकानात न खपलेले कापड पुढच्या हंगामात सवलतीच्या दरात तरी विकता येते. उडून गेलेल्या विमानातली जागा कोणत्याही भावाने विकता येत नाही. ओव्हरबुकिंग या प्रवाशांना संतापजनक वाटणाऱ्या प्रथेचा उगम या एका हिशेबात आहे. समजा, 180 आसनांच्या एखाद्या उड्डाणाला तिकीट काढूनही सरासरी नऊ प्रवासी येत नाहीत, असे कंपनीच्या नोंदी सांगतात. मग कंपनी 185 किंवा 186 तिकिटे विकते आणि बहुतेक दिवशी कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या दिवशी सगळेच वेळेवर हजर होतात, त्या दिवशी लागतो.

हा हिशेब मुळातच लबाडीचा आहे, असे म्हणता येणार नाही. बँकाही ठेवीदारांची सगळी रक्कम तिजोरीत ठेवून बसत नाहीत. सर्व ठेवीदार एकाच सकाळी पैसे मागायला येणार नाहीत, या अनुभवावरच कर्जव्यवहार उभा असतो. मात्र बँकेच्या या गृहीतकाला रोख राखीव प्रमाण, वैधानिक तरलता आणि 5 लाख रुपयांपर्यंतचा ठेव विमा अशी कुंपणे आहेत. त्याहून साधी, पण रोजच्या व्यवहारात फार मोलाची गोष्ट म्हणजे परतीचा मेमो. धनादेश वटला नाही, तर बँक तो कारण लिहून परत करते: ‘पुरेशी शिल्लक नाही’, ‘सही जुळत नाही’. त्या चतकोर कागदावर पुढची सगळी कायदेशीर कारवाई उभी राहते. विमानतळावर पक्के तिकीट वटत नाही तेव्हा प्रवाशाच्या हाती बहुधा एक तोंडी वाक्यच पडते. तेही अनेकदा ‘तुम्ही उशिरा आलात’ असे.

शिवाय जो प्रवासी आला नाही, त्याचे मूळ भाडे स्वस्त तिकिटाच्या अटींनुसार बहुधा जप्तच झालेले असते. म्हणजे एकाच आसनाचे पैसे दोनदा जमा होतात. (न आलेल्या प्रवाशालाही वैधानिक कर आणि विमानतळाचे वापरशुल्क परत मिळण्याचा हक्क आहे, मागणारे मात्र थोडे.)

अमेरिकेत या प्रश्नाला वाचा फुटली ती ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांच्यामुळे. एप्रिल 1972 मध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जाण्यासाठी ते पक्के आरक्षण घेऊन विमानतळावर पोहोचले आणि अ‍ॅलेगेनी एअरलाइन्सने त्यांना जागा नाकारली. ते न्यायालयात गेले. सरकारी नियामक मंडळ अस्तित्वात आहे एवढ्याच कारणाने दिशाभुलीचा दावा अडवून ठेवता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये दिला. त्याआधीच, 1968 मध्ये, ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने एक सोपा उपाय सुचवला होता. प्रवासी जास्त झाले तर कोणाला खाली ठेवायचे हे कंपनीने ठरवू नये; जागा सोडायला कोण किती मोबदल्यात तयार आहे, हे प्रवाशांनाच विचारावे आणि सर्वांत कमी मागणाऱ्याला तेवढी रक्कम द्यावी. ज्याला घाई नाही तो खुशीने थांबेल, ज्याच्या घरी लग्न आहे तो जाईल. सुरुवातीला या कल्पनेची टिंगलच झाली. दहाएक वर्षांनी तीच अमेरिकेत नियम बनली. अर्थशास्त्राने सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यात इतका नेमका उपयोगी पडावा, अशी उदाहरणे फार नाहीत. ही बोली अर्धवट सोडली तर काय होते, तेही जगाने पाहिले. 9 एप्रिल 2017 रोजी शिकागोच्या विमानतळावर कर्मचाऱ्यांसाठी चार आसने हवी होती. बोली 800 डॉलरवर थांबली आणि आसनावर बसलेल्या प्रवाशाला फरफटत बाहेर काढण्यात आले.

भारतात नियम नाही असे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तो 2010 मध्ये केला आणि 2016 मध्ये भरपाईच्या रकमा वाढवल्या. त्यानुसार कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणाऱ्यांना विचारायचे आहे. तरीही वेळेत हजर असलेल्या प्रवाशाला नाकारावे लागले आणि मूळ वेळेनंतर तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले, तर भरपाई नाही. 24 तासांच्या आतले विमान दिले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल 20,000 रुपये. पर्यायी विमान प्रवाशालाच नको असेल, तर तिकिटाची पूर्ण रक्कम आणि शिवाय ती चौपट भरपाई.

येथे ‘कमाल’ हा शब्द नीट वाचावा. मूळ भाडे 2,500 रुपये असेल तर दुप्पट म्हणजे 5,000 रुपयेच होतात, मग त्या दिवशी प्रवाशाचे नुकसान कितीही होवो. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमात भरपाई अंतरावरून ठरते: 250, 400 किंवा 600 युरो. तिकीट स्वस्तात घेतले म्हणून भरपाई स्वस्त होत नाही. हीच पद्धत न्याय्य होय.

आठ जणांचे कुटुंब शिखरजीच्या यात्रेसाठी रांचीला निघाले आहे आणि काउंटरवर दोघांना जागा नाही असे सांगण्यात आले, अशी कल्पना करावी. मागे राहणारे ते दोघे बहुधा आजी-आजोबाच असतात, कारण वेब चेक-इन करून आसन क्रमांक घेण्याची खटपट त्यांच्यासाठी कोणी केलेली नसते. आठ तिकिटांपैकी सहा वटली, हे गणितात पंचाहत्तर टक्के यश असेल. यात्रा मात्र मोडलेली असते. हाती अल्पोपाहाराचे कूपन ठेवले जाते. पण सूर्यास्तानंतर मिळालेले कूपन रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या आजींच्या काय कामाचे? मूळ तिकिटावर नोंदवलेले जैन भोजन नव्या विमानावर आपोआप गेले असेल, असेही गृहीत धरू नये.

अशा वेळी काउंटरवरील तरुण कर्मचाऱ्यावर आवाज चढवून काही साधत नाही. जादा तिकिटे विकण्याचा निर्णय त्याचा नसतो, शिव्या मात्र तोच खातो. त्याच्याकडून मिळवायचा तो कागद: जागा नाकारल्याचे कारण, वेळ आणि पर्यायी उड्डाण यांची लेखी नोंद. ती देत नसतील तर तिथल्या तिथे कंपनीला ई-मेल पाठवावा आणि काउंटरवर पोहोचल्याची वेळ त्यात लिहावी, कारण पुढे सारा वाद ‘उशिरा आलात’ याच वाक्याभोवती फिरतो. बोर्डिंग पास, पीएनआर क्रमांक, टॅक्सीची आणि हॉटेलची पावती जपून ठेवावी. आसन क्रमांक नसलेला बोर्डिंग पास हाती आला, तर तो खिशात घालण्यापूर्वी कारण विचारावे.

नियम असूनही भरपाई दिली जात नाही, हे सरकारदरबारीही नोंदले गेले आहे. याच कारणासाठी डीजीसीएने जून 2022 मध्ये एअर इंडियाला 10 लाख रुपयांचा दंड केला होता. दंडाची रक्कम अर्थात सरकारजमा होते. प्रवाशाला स्वतःच्या पैशांसाठी आधी कंपनीकडे, मग एअरसेवा पोर्टलवर किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि अखेरीस ग्राहक आयोगाकडे जावे लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही शेवटची पायरी पुष्कळ सोपी केली आहे. विमान दिल्लीला चुकले असले तरी सांगलीत राहणाऱ्याला तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क पडत नाही.