न बोललेल्या दुखण्याचा हिशेब

बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटणं, अंग बाहेर येणं, ही दुखणी आपल्या घरांत कधी मोठ्यानं बोलली गेली नाहीत. शेक-शेगडी झाली, पोट बांधलं, डिंकाचे लाडू झाले. सव्वा महिना उलटला की बाई कामाला लागली. बाकीचं 'बाईच्या जातीला असतंच' या वाक्यात गुंडाळलं गेलं.

अशा दुखण्यात डॉक्टरांचा अनुभव मानायचा की संशोधनाचे आकडे? बँकेतल्या नोकरीत मी एक पाहिलं होतं. काउंटरपर्यंत आलेल्या ग्राहकाचीच तक्रार वहीत चढते. दवाखान्यातला अनुभवही आलेल्या बाईपुरताच. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत जाऊन ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. हे सगळेच आजार बाळंतपणातून आलेले नव्हते. पण बाई किती गप्प बसते, ते कळलं.

प्रसूतीच्या वेळी सरसकट छेद देऊन टाके घालण्याची रीतही अनुभवाच्याच नावावर चालली. अर्जेंटिनात २,६०६ स्त्रियांवर झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं तिचा आधार काढून घेतला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सरसकट छेद नको म्हटलं.

पण नुसत्या कागदानंही भागत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला, तो स्वतः तपासून, मापकयंत्र लावून. पुढे राहिली ती तोंडी सूचना. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात थोडक्यात सांगून हा व्यायाम करायला लावलेल्या ४७ स्त्रियांपैकी निम्म्यांनाही तो नीट जमला नाही. चौघींतली एक तर दुखणं वाढेल असा जोर लावत होती! हे तपासणाऱ्या हातालाच कळतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर 'आशा'ताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, मुख्यतः बाळासाठी. या गृहभेटींचं मूळही गडचिरोलीतच. शेवटच्या भेटीत बाळाचं वजन झालं, सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, की तिनं हळूच विचारावं, "लघवी आवरते ना गं?" 'नाही' म्हणणारीला तालुक्याच्या रुग्णालयात तपासून शिकवणारी कुणी हवी. फिजिओथेरपिस्ट नसेल, तर तिथल्या सिस्टरना हे शिकवता येईल.