ग्योरचा ट्रक आणि मालकीचा प्रश्न

कारखाना सरकारच्या मालकीचा झाला की समाजवाद आला, असे मानणारा एक वर्ग समाजवादी चळवळीत पूर्वीपासून आहे. तोच कारखाना खासगी मालकाला विकला की सर्व दुखणी संपतात, असे मानणारा दुसरा वर्ग आज जगभर राज्य करीत आहे. हंगेरीत तयार झालेल्या एका अवजड ट्रकची हकीगत या दोन्ही वर्गांना अडचणीत टाकणारी आहे.

हा ट्रक म्हणजे सेमी-ट्रेलर ओढणारे वाहन. त्याच्या पाठीवर माल नसतो; मागच्या चाकांवर एक लोखंडी बैठक असते आणि ट्रेलरचा पुढचा भार तिच्यावर टेकलेला असतो. हंगेरियन भाषेत या बैठकीला खोगीर म्हणतात आणि वाहनाचे नावही त्यावरूनच पडले आहे. खोगीर कोणाच्या पाठीवर आणि लगाम कोणाच्या हाती, हाच या हकिगतीतील खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीतील मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले. बुडापेस्टच्या दक्षिणेस, युद्धकाळातील विमान कारखान्याच्या जागी, 1949 साली चेपेल मोटार कारखाना उभा राहिला. ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीच्या परवान्यावर त्याने ट्रक बनविण्यास प्रारंभ केला आणि पुढे ट्रेलर ओढणारी वाहनेही काढली. राष्ट्रीयीकरण झाले होते. पण उत्पादनाचे आकडे, मजुरीचे दर आणि शिक्षा ही सर्व पक्षाच्या कचेरीतून ठरत होती.

या कारभाराविरुद्ध 1956 साली हंगेरीतील कामगार उठले. कारखान्याकारखान्यांत कामगार मंडळे स्थापन झाली. पश्चिमेकडील ग्योर हे औद्योगिक शहर उठावाचे एक प्रमुख केंद्र बनले. बृहत् बुडापेस्टच्या केंद्रीय कामगार मंडळाचा अध्यक्ष शांदोर राट्स हा अवघ्या 23 वर्षांचा हत्यारे बनविणारा कामगार होता. कारखाने भांडवलदारांना परत देऊ नयेत, पण ते चालविण्याचा अधिकार मात्र कामगारांच्या हाती असावा, ही या मंडळांची भूमिका होती. सोव्हिएत रणगाड्यांच्या बळावर आलेल्या कादार सरकारने डिसेंबरमध्ये हे मंडळ बेकायदा ठरविले आणि राट्स यास अटक केली. पुढे त्यास जन्मठेप झाली.

राट्स 1963 च्या माफीत सुटला. त्याच वर्षी ग्योरच्या वॅगन व यंत्र कारखान्याचे, म्हणजेच ‘राबा’चे, प्रमुखपद एदे होर्वाथ यांच्याकडे आले. हेही एकेकाळचे लेथवरचे कामगार. विक्रमी उत्पादनाबद्दल सरकारने गौरविलेले. त्यांच्या कारकिर्दीत राबाने पश्चिम जर्मनीतील एम.ए.एन. कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळविला. (याच कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून लष्कराचा ‘शक्तिमान’ ट्रक बनत होता.) सुमारे सव्वादहा लिटरचे ते सहा सिलिंडरी इंजिन राबाच्या अवजड ट्रकांत बसले, आणि आडवे करून इकारुसच्या बसगाड्यांच्या तळाशीही बसले. राबाचे आस थेट अमेरिकेपर्यंत निर्यात होऊ लागले. 1968 च्या आर्थिक सुधारणांनी कारखान्यांना जे स्वातंत्र्य दिले, त्याचा इतका पुरेपूर उपयोग फार थोड्यांनी केला असेल. हे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु ते स्वातंत्र्य संचालकाचे होते, कामगाराचे नव्हे. होर्वाथ यांना लोक ‘लाल बॅरन’ म्हणत, यातच सर्व काही आले.

रस्त्यावरही हेच चित्र होते. 1966 साली स्थापन झालेल्या हुंगारोकामिओन या सरकारी वाहतूक संस्थेचे ट्रक पश्चिम युरोपपासून मध्यपूर्वेपर्यंत धावत. सीमा ओलांडता येत असल्यामुळे तिच्या चालकांचा सामान्य हंगेरियनाला हेवा वाटे. पण या लांबच्या वाटांवर संस्थेने व्होल्वोसारखी पाश्चात्त्य वाहनेही मोठ्या प्रमाणावर वापरली. परकीय चलन मिळविण्यासाठी परकीय यंत्र घ्यायचे आणि त्यासाठी पुन्हा कर्ज काढायचे, या चक्रात देश अडकला. 1989 मध्ये हंगेरीचे परदेशी कर्ज सुमारे 20 अब्ज डॉलरवर गेले होते.

त्यानंतर सोव्हिएत बाजारपेठ कोसळली. इकारुसची मागणी आटली आणि तिच्याबरोबर राबाच्या आसांची व इंजिनांचीही. राबाचे खासगीकरण झाले. हुंगारोकामिओनही खासगी वाहतूकदाराच्या हाती गेली आणि तिचे नाव पुसले गेले. त्या वेळी हा कारखाना आमचा आहे, असे म्हणून कामगार मोठ्या संख्येने रस्त्यावर का आले नाहीत, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर सोपे आहे. ज्या कारखान्याच्या कारभारात चाळीस वर्षे त्यांना शब्द नव्हता, तो त्यांना आपला कधी वाटलाच नव्हता. 1956 साली ज्यांना तो आपला वाटला, त्यांना तुरुंग मिळाला होता.

खासगीकरणानेही लगाम कामगाराच्या हाती दिला नाही. 1993 साली जर्मनीच्या ऑडी कंपनीने ग्योरमध्ये आपला कारखाना स्थापला. राबाने बांधलेली एक विस्तीर्ण इमारत तिला आयतीच मिळाली. कुशल हातही आयतेच मिळाले, तेही जर्मन मजुरीच्या मानाने फारच स्वस्तात. जानेवारी 2019 मध्ये याच कारखान्यातील कामगारांनी एक आठवडा संप केला. ग्योरहून इंजिने येईनाशी झाली तेव्हा जर्मनीतील इंगोलश्टाट येथील उत्पादनही थांबले. अखेर कंपनीला 18 टक्के पगारवाढ मान्य करावी लागली.

सार्वजनिक उद्योगांच्या विक्रीविरुद्ध आज लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ‘विकू देणार नाही’ ही घोषणा योग्यच आहे, पण ती अपुरी आहे. उद्योग सरकारी राहिला आणि त्यात कामगारास अधिकार नसला, तर विक्रीच्या दिवशी त्याचे रक्षण करण्यास कोणी उरत नाही. संरक्षणाच्या मागणीबरोबरच व्यवस्थापनातील कामगारांच्या खऱ्या सहभागाची मागणी पुढे रेटली पाहिजे. ग्योरच्या ट्रकने दोन मालक पाहिले. तिसरा, ज्याने तो घडविला, त्याची पाळी अद्याप आलेली नाही.