दुःखातील उपकारस्तुती

मराठी ख्रिस्ती बांधवांच्या बोलण्यात 'उपकारस्तुती' हा शब्द वारंवार येतो. आपल्याकडील जुन्या घरांत तो फारसा रुळलेला नाही. बारशाला किंवा मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला म्हणून कोणी देवाचे उपकार मानले, तर त्यात नवल वाटत नाही. परंतु घरात नुकताच मृत्यू होऊन गेला असताना किंवा हातचे काम सुटले असताना चार माणसे एकत्र बसून उपकारस्तुतीचे गीत गातात, तेव्हा पाहणारा बुचकळ्यात पडतो. ही माणसे दुःख विसरली आहेत काय? की दुःख लपविण्याची ही एक रीत आहे? आमच्या मते यांपैकी काहीच खरे नाही, आणि ते का खरे नाही हे समजून घेणे आज आपल्याही हिताचे आहे.

आज म्हणण्याचे कारण असे, की आमच्या शहरापासून आगगाडीने काही तासांच्या अंतरावर, सुरतेच्या बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत, मराठी बोलणारा फार मोठा समाज यंत्रमागांवर आणि रंगाईच्या कारखान्यांत राबतो आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली ही माणसे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लाखो लोक सुरत सोडून गेले. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या पुराने शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली घातला. २०२० मध्ये टाळेबंदीने माग थांबले आणि कामगार पुन्हा गावाकडे निघाले. या मोठ्या संकटांची निदान नोंद तरी झाली. रोजची दुःखे तर कोणी मोजतही नाही. अशा वस्त्यांत दुःखाच्या वेळी दारी येणाऱ्यांत कोठे वारकरी भजनी मंडळ असते, तर कोठे प्रार्थनेला जमणारी ख्रिस्ती मंडळी. आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक झालेले मराठी लोक, त्यांत बहुधा नसतो. त्यामुळे या प्रार्थनेविषयी आमची मते ऐकीव असतात.

ऐकीव मताला उत्तम उतारा आपल्याच वाङ्मयात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली आणि अनेक जुन्या मराठी घरांत ती आजही आहेत. जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी १८६८ मध्ये जन्मली आणि अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंचे घर एका दिवसात मोडले. नवरा जिवंत असून दूर, पदरी लहान मुलगा, नातलगांचा आश्रय आणि समाजाच्या नजरा, अशी जवळजवळ पाच वर्षे त्यांनी काढली. त्या दिवसांचे वर्णन करताना त्यांनी रडणे झाकलेले नाही, नवऱ्यावरचा रागही झाकलेला नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु एखाद्या वादात हार पत्करून नव्हे. आधी त्यांच्या मनातून जातिभेद गळून पडला, ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचे अन्न गोड लागू लागले, आणि मग श्रद्धा आली. सोवळ्याओवळ्याचा भार उतरल्याचा जो मोकळेपणा पुढच्या पानांतून जाणवतो, तीच त्यांची उपकारस्तुती.

त्यानंतरचे आयुष्य सुखाचे गेले असे नाही. पैशाची ओढाताण कधी संपली नाही, कारण टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. घरी अनाथ मुलांची भर पडतच असे. नगरच्या प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेत राबल्या. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. ज्या बाईला शाळेचे शिक्षण मिळालेले नव्हते तिने त्याचा उरलेला, फार मोठा भाग लिहून काढला. शोकाला हाताशी काम मिळाले की कृतज्ञतेला वाट सापडते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. आणि हे सर्व सांगताना त्या हसतात, आपल्याला हसवितात. दुःखाने कडवट न झालेले असे मन मराठीत फार थोड्या आत्मचरित्रांत भेटते.

दुसरे चरित्र पंडिता रमाबाईंचे. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या सुमारास आईबाप गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेला. तेव्हा त्या चोविशीतही नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी केडगावला 'मुक्ती' उभारली आणि दुष्काळात सापडलेल्या स्त्रियांना व मुलींना तेथे आणले. गुजरातेत ज्याला 'छप्पनियो' म्हणतात त्या १९००च्या दुष्काळातील गुजराती मुलीही त्यांत होत्या. ज्या दुष्काळाने रमाबाईंना पोरके केले, त्याच दुष्काळाने पोरक्या झालेल्यांच्या त्या आई झाल्या. उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही; ते संपवूनच एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले.

आता प्रश्न राहतो तो असा, की या श्रद्धेत शांती येते कोठून. संगीताच्या बाजूने पाहिल्यास याचे उत्तर स्तोत्रसंहितेत सापडते. बायबलातील ही दीडशे स्तोत्रे मुळात गाण्यासाठी आहेत. त्यांतील पंचावन्न स्तोत्रांच्या शीर्षकांत ती मुख्य गवयाच्या स्वाधीन केल्याची नोंद आहे. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या उपासनेच्या पोथीत जवळजवळ एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देवा, तू मला का सोडलेस, अशी तक्रार ज्या बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभी येते, तीच येशूच्या तोंडी वधस्तंभावर आली. परंतु ते स्तोत्र तेथे थांबत नाही. तक्रार पुरती सांगून झाल्यावर ते स्तवनाकडे वळते. गाणाऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. करुण स्वरांत गुंतलेला गायक षड्जावर येतो तो मधले स्वर गाऊनच येतो. ते गाळून एकदम उडी मारली, तर ऐकणाऱ्याला ती खोटी वाटते. विलाप गाळून केलेली उपकारस्तुती अशीच खोटी वाटते. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सर्व स्थितीत उपकार मानण्यास सांगितले आहे. दुःखाबद्दल उपकार माना, असे तो सांगत नाही. दुःखात असतानाही उपकार मानता येतात, एवढेच सांगतो. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

म्हणूनच एक इशारा देणे आम्हांला आवश्यक वाटते. कृतज्ञता ही दुसऱ्याने सांगून करावयाची गोष्ट नव्हे. ज्या बाईचा मुलगा कालच गेला तिला, देवाचे आभार मान, असे सांगणे निर्दयपणाचे आहे. मग सांगणारा पाद्री असो, कीर्तनकार असो, की घरातला वडीलधारा असो. त्याचप्रमाणे मजुराला मिळावयाची मजुरी किंवा आजाऱ्याला मिळावयाचे औषध यांच्या जागी शांतीचा उपदेश ठेवणे हाही अन्यायच. रमाबाईंनी दुष्काळग्रस्तांना आधी जेवू घातले, हे विसरून चालणार नाही.

यावर आमचे काही वाचक म्हणतील, की हे सर्व खरे असले तरी त्याच्यामागे धर्मांतर आहे, आणि संकटात सापडलेल्या माणसाला गाठून धर्म बदलावयास लावणे योग्य नव्हे. लोभाने किंवा धाकाने धर्म बदलविणे निंद्य आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु प्रत्येक प्रार्थनेला लोभ म्हणणे आणि प्रत्येक अश्रूमागे डाव पाहणे हाही सरळपणा नव्हे. शिवाय ही श्रद्धा मराठीला परकी म्हणता येत नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांची भजने अभंगाच्या चालीने आजही मराठी चर्चमधून म्हटली जातात. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे धर्मगुरू. त्यांच्या निवडीला विरोध झाला, तरी ते प्रकृती साथ देत नसतानाही संमेलनाला गेले. २०२४ मध्ये ते निवर्तले; त्यांचे 'सुबोध बायबल' आपल्या भाषेला मिळालेले देणे आहे.

आमची विनंती लहानशी आहे. आपल्या घरातील ग्रंथसंग्रहात 'स्मृतिचित्रे' असतील तर ती पुन्हा उघडावीत, आणि मुलांना वाचून दाखवावीत. आपल्या गायनवर्गांत अभंग शिकविताना टिळकांचे एखादे भजनही शिकवावे. स्वर आणि ताल आपलेच आहेत, त्यासाठी कोणाला धर्म सोडावा लागत नाही. आणि बमरोलीसारख्या वस्तीतील मराठी कुटुंबावर आघात झाल्याचे कानी आले, तर आपल्या मंडळांनी आणि समाजांनी तेथे जावे, शांतपणे बसावे, आणि त्या घरात प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबावे. दुःखी माणसाला सांत्वन देण्याचा अधिकार धर्माने किंवा घराण्याने मिळत नाही. तो त्याच्या दारी जाऊन बसल्याने मिळतो. तो वापरण्यात आम्ही मागे राहिलो असू, तर जे पुढे गेले त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.